घरची गाडी : मागून ‘ठक्’ आवाज येतो, त्याची परीक्षा



गाडीच्या आवाजाविषयी पत्रं नेहमीच येतात. बहुतेकींचा प्रश्न एका ओळीत असतो : ‘गाडी मागून वाजते, काय करावं?’ एवढ्यावरून सांगणार तरी काय! पण या वेळी सातपूरच्या एका भगिनींनी पत्र पाठवलंय ते इतकं नीटनेटकं आहे की त्यांना दिलेलं उत्तर सगळ्याजणींना उपयोगी पडेल. त्यांच्या इच्छेवरून नाव छापत नाही.

त्या लिहितात : ‘आमच्याकडे स्कोडा ऑक्टाव्हिया आर.एस. आहे, २००५ सालची. यांनी ती चार वर्षांपूर्वी जुनी घेतली. गाडी पळायला फार जोरदार आणि यांचा तिच्यावर जीव. पण यांच्या एम.आय.डी.सी.तल्या पाळ्या, म्हणून मुलीला क्लासला सोडणं आणि सासूबाईंना दवाखान्यात नेणं माझ्याकडेच. दिवाळीपासून गतिरोधकावरून गेलं की मागे उजवीकडे ठक् असा आवाज येतो. गॅरेजवाल्याने मागचे दोन्ही शॉकअप बदलले. आवाज होता तसाच! आता म्हणतो, मागचा अख्खा ॲक्सल बदलावा लागेल. रक्कम पाच आकडी सांगतो. ते पैसे आम्ही मुलीच्या कॉलेजप्रवेशासाठी बाजूला ठेवलेत. मी दोन गोष्टी विचारायला गेले तर म्हणाला, “ताई, तुम्ही साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो.” पुढच्या महिन्यात कसारा घाट उतरून कल्याणला लग्नाला जायचंय. पैसे भरावेत का? आणि गाडी न्यावी का?’

सोबत त्यांनी शॉकअपच्या बिलाची प्रत जोडली होती. हे फार चांगलं केलं. का, ते पुढे कळेलच.

लग्न जवळ आलेलं, म्हणून त्यांना मी टपालाने लगेच उत्तर पाठवलं. पैसे आत्ता भरू नका आणि तपास पुरा होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका, असं दोन ओळींत आधी कळवलं. बाकीचं उत्तर इथे सविस्तर देते. गाडी ऑक्टाव्हियाच हवी असं नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याचशा जुन्या मोटारींची मागची बाजू थोड्याफार फरकाने अशीच असते.

आधी गाडीची ओळख

ही ऑक्टाव्हिया परदेशी नावाची असली तरी आपल्याकडे जोडली गेलेली. २००१ सालापासून औरंगाबादजवळच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या, शेंद्र्याच्या कारखान्यात तिची जुळणी होत असे. आर.एस. ही तिची जोरकस बहीण : १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि अंगाने जरा कडक सस्पेन्शन. तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. अशी गाडी खड्ड्यावर थोडी ‘धप्’ करणारच. तो तिचा स्वभाव आहे. काल नव्हता तो आवाज आज आला आणि एकाच बाजूने आला, तर मात्र तो स्वभाव नव्हे, दुखणं.

आता मागे असतं काय ते पाहू. मागच्या दोन चाकांना दोन लोखंडी हात असतात आणि ते हात एका आडव्या तुळईने जोडलेले असतात. यालाच गॅरेजमध्ये ‘टॉर्शन बीम’ किंवा नुसतं ‘ॲक्सल’ म्हणतात. ही तुळई पुढच्या बाजूला दोन मोठ्या रबरी बुशांनी गाडीच्या अंगाला पकडलेली असते. गाडीचं वजन दोन स्प्रिंगा पेलतात. स्प्रिंग एकदा दबली की वरखाली झुलतच राहील, म्हणून तिचं झुलणं आवरायला शॉकअप. शॉकअपचं खालचं टोक लोखंडी हाताला आणि वरचं टोक मडगार्डच्या आत गाडीच्या अंगाला, मध्ये रबर घालून, बसवलेलं असतं. या वरच्या रबरी भागाला ‘टॉप माउंटिंग’ म्हणतात.

पाहिलंत ना, लोखंड जिथे जिथे लोखंडाला भेटतं तिथे रबर घातलेलं आहे. आणि रबराचं काय होतं ते आपल्याला कुकरच्या रिंगेवरून चांगलं ठाऊक आहे. वापरलं तरी ते कडक होतं, नुसतं ठेवलं तरी कडक होतं, मग त्याला चिरा पडतात. वीस वर्षांच्या गाडीत कोणाचा दोष नसतानाही रबर संपतं. लोखंडी तुळई सहसा संपत नाही. अपघातात वाकली किंवा गंजून खाल्ली गेली तरच ती बदलायची वेळ येते. म्हणून ‘ॲक्सल बदला’ असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा : ‘वाकलाय का? कुठे, ते दाखवा.’

आवाजाला नाव द्या

डॉक्टरांकडे गेल्यावर आपण नुसतं ‘दुखतं’ म्हणत नाही. ठणकतं, चमकतं, की जळजळतं ते सांगतो. तसंच इथे.

खुळखुळ : हलका, पत्र्याचा किंवा सुट्या वस्तूंचा आवाज. बहुधा डिकीतला, नाहीतर सायलेन्सरच्या रबरी कड्यांचा.

करकर किंवा कुरकुर : गतिरोधकावरून सावकाश जाताना जुन्या खाटेसारखा आवाज. कोरडं पडलेलं रबर.

ठक् : प्रत्येक धक्क्याला एकदाच. कुठेतरी सैल झालेलं आहे. माउंटिंग, बुश किंवा नीट न आवळलेला बोल्ट.

घूं : वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर. टायर किंवा चाकाचं बेअरिंग.

टण् : लोखंडाचा स्पष्ट आवाज आणि गाडी एका कोपऱ्यात बसल्यासारखी. स्प्रिंग तुटल्याची शंका घ्या.

आवाज कधी येतो, किती वेगाला, कोणत्या बाजूने, डिकी भरलेली असताना की रिकामी असताना, पावसात बदलतो का, हे चार दिवस वहीत टिपून ठेवा. दुधाचा हिशेब ठेवतो तसंच हे. फोनवर आवाज भरून ठेवलात तर आणखी चांगलं.

बिनपैशाच्या परीक्षा

एक सूचना आधी देते आणि ती कडक आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही. यांनी नाही, तुम्ही नाही, मुलांनी तर नाहीच. खाली सांगितलेल्या एकाही परीक्षेला गाडी उचलावी लागत नाही. गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, हँडब्रेक लावून, थंड झालेली असावी. ज्या परीक्षा गाडी चालवून करायच्या त्या मोकळ्या रस्त्यावर. पदर किंवा ओढणी खोचून घ्या.

पहिली परीक्षा डिकीची. डिकी पूर्ण रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पाना, धोक्याचा त्रिकोण, देवळात मिळालेला नारळसुद्धा बाहेर. मागची फळी काढा. मागच्या सीटची पाठ खटक्यात नीट बसली आहे का ते ओढून पाहा आणि रिकामे पट्टे अडकवून ठेवा. आता त्याच रस्त्याने फेरी मारा. रेडिओ, पंखा, ए.सी. बंद. पुष्कळदा एवढ्यातच आवाज नाहीसा होतो आणि दोष निघतो सैल स्टेपनीचा!

दुसरी परीक्षा टेपची. शिवणाची टेप घ्या. मागच्या चाकाच्या मधोमधपासून थेट वर मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा. दोन्ही बाजूंनी मोजा. डावं-उजवं जवळपास सारखं हवं. एक-दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग तुटली आहे का किंवा जागेवरून सरकली आहे का ते आधी दाखवून घ्या. तुटलेल्या स्प्रिंगेचं टोक टायरला लागू शकतं, म्हणून अशी गाडी चालवायची नाही.

तिसरी परीक्षा पुढेमागे करण्याची. रिकाम्या, सपाट मैदानात गाडी अगदी हळू मागे घ्या आणि पटकन ब्रेक लावा. मग हळू पुढे घेऊन तसंच करा. तुळईचे मोठे बुश फाटले असतील तर तुळई पुढेमागे सरकते आणि ब्रेक लावताना, सोडताना ‘ठक्’ वाजतं. ब्रेक लावताना काहीच वाजत नाही आणि फक्त वरखाली धक्क्याला वाजतं, तर संशय बुशांवरून उठून शॉकअपच्या टोकांवर जातो. ही परीक्षा नीट करा. ॲक्सलचा खर्च वाचतो तो इथेच.

चौथी परीक्षा लाटण्याची. हसू नका! लाकडातून आवाज फार स्वच्छ ऐकू येतो. जुने मिस्त्री लाकडाचा दांडका नाहीतर पेचकस कानाला लावून इंजिन ऐकतात, तसंच हे. यांना सांगा, डिकीच्या बाजूने गाडी जोरजोरात खाली दाबा आणि सोडा. तुम्ही डिकीत आतून, चाकाच्या वरच्या फुगवट्यावर लाटण्याचं एक टोक टेकवा आणि दुसरं कानाला हलकेच लावा. उजवीकडे ऐका, मग डावीकडे. जिकडे ठक् स्पष्ट येतं ती बाजू तुमची. नुसता तळवा ठेवलात तरी कित्येकदा धक्का हाताला लागतो.

पाचवी परीक्षा तांब्याभर पाण्याची. ही करकर आवाजासाठी. गाडी थंड असताना एकेका रबरावर थोडं पाणी ओता आणि लगेच गाडी दाबून पाहा. ज्या रबरावर पाणी पडताच करकर थांबली ते कोरडं पडलेलं. म्हणूनच पुष्कळ गाड्या पावसाळ्यात गप्प असतात आणि उन्हाळ्यात बोलायला लागतात. मात्र उपाय म्हणून खोबरेल, एरंडेल किंवा इंजिन ऑइल घालू नका. तेलाने रबर फुगतं आणि लवकर सडतं. लावायचंच तर सिलिकोनचा फवारा, आणि तोही तात्पुरता.

सहावी परीक्षा घूं आवाजाची. टायरवर तळवा दोन्ही दिशांनी फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने विळीच्या दात्यांसारखं लागलं, तर टायर वाकडं झिजलंय. घरघर त्याचीच असू शकते. रस्ता बदलला की टायरचा आवाज बदलतो. बेअरिंगचा आवाज रस्त्याने बदलत नाही, वळणाने बदलतो. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली तर उजवं बेअरिंग पाहायला सांगा. हवेचा दाबही तपासून घ्या. किती हवा ते पेट्रोल भरायच्या झाकणाच्या आत किंवा दाराच्या चौकटीवर छापलेलं असतं.

आणि एक. खडबडीत रस्त्यावर खडखड चालू असताना ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवा. आवाज लगेच थांबला तर तो सस्पेन्शनचा नाहीच, ब्रेकच्या पॅडचा आहे.

बिल वाचायला शिका

आता सातपूरच्या भगिनींचं बिल. त्यावर होतं : मागचे शॉकअप २, मजुरी. बस. टॉप माउंटिंग नाही, खालवर होताना आधार देणारा रबरी ठोकळा, ज्याला बम्पस्टॉप म्हणतात, तोही नाही.

याचा अर्थ साधा आहे. नवा शॉकअप जुन्याच रबरावर बसवला. नवी कोरी सुरी खिळखिळ्या मुठीत बसवण्यासारखं झालं. माउंटिंगचं रबर फाटलेलं असेल तर शॉकअप कितीही नवा असो, प्रत्येक धक्क्याला त्याचा दांडा वर आपटणार आणि ‘ठक्’ वाजणार. दुसरी शक्यता अशी की काम करताना वरचा नट किंवा खालचा बोल्ट पुरता आवळला गेला नाही. दोन्ही गोष्टी ॲक्सलच्या मानाने फार थोड्या पैशांच्या. म्हणून मी त्यांना लिहिलं, तिसरी आणि चौथी परीक्षा करा. ब्रेकला वाजत नसेल आणि लाटण्याला उजवीकडे ठक् ऐकू येत असेल, तर गॅरेजवाल्याला सांगा की आधी माउंटिंग उघडून दाखव.

बिल घेताना प्रत्येक भागाचं नाव, नग आणि किंमत वेगळी लिहून मागा. काढलेले जुने भाग परत मागा. आपण पैसे दिलेत, ते आपलेच आहेत. जुना भाग हातात घेऊन पाहिला की तो खरोखर गेला होता की नाही ते कळतं. फाटलेलं रबर कोणालाही ओळखता येतं.

शॉकअप आणि माउंटिंग नेहमी जोडीने बदलावं, डावं-उजवं दोन्ही. एक नवं आणि एक जुनं असलं की गाडी दोन्हीकडे सारखी वागत नाही. आणि मोठे बुश बदलायची वेळ आलीच तर एक वाक्य पाठ करून ठेवा : ‘शेवटचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळा.’ गाडी लिफ्टवर लटकत असतानाच बोल्ट आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश थोड्याच महिन्यांत फाटतो. मग आपण नशिबाला दोष देतो.

‘साहेबांना पाठवा’ म्हटलं तर

भांडू नका आणि परतही येऊ नका. वही उघडा आणि शांतपणे वाचून दाखवा : ‘आवाज उजवीकडून. वीसच्या आतल्या वेगाला, गतिरोधकावर. ब्रेक लावताना नाही. डिकी रिकामी केली तरी आहे. दोन्ही बाजूंची उंची सारखी आहे. माउंटिंग मागच्या वेळी बदललेलं नाही, हे बिल.’ एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस साहेबांची वाट पाहत बसत नाही. आणि बसलाच, तर दुसरं गॅरेज पाहा. सातपूरला पपया नर्सरीपासून मायको सर्कलपर्यंत लोखंडात हात घालणारी माणसं काही कमी नाहीत. पिढ्यान् पिढ्या कारखान्यांत काम केलेल्या या गावात प्रामाणिक कारागीर मिळतो. मात्र आपल्याला काय हवं ते आपण सांगायला हवं.

दुसऱ्याचं मत घेताना पहिल्याने काय सांगितलं ते आधी बोलू नका. तुमची टिपणं द्या आणि त्याचं मत ऐका. मिस्त्रीला शेजारी बसवून त्याच रस्त्याने न्या आणि आवाज ऐकवा. न ऐकता सांगितलेला खर्च मान्य करायचा नाही.

कोणता आवाज थांबू शकत नाही

पैशांसाठी काही आवाज महिनाभर लांबवता येतात, काही एक दिवसही नाही. डिकीची खुळखुळ आणि रबराची कुरकुर थोडी थांबेल. पण एक कोपरा खाली बसला, टायर आतून घासल्याचा वास किंवा खूण दिसली, शॉकअपवरून तेलाचा ओघळ आला, वळणावर मागची बाजू पोहल्यासारखी वाटली, चाकाची घरघर रोज वाढू लागली, तर गाडी उभी करा. घाटाच्या उतारावर वळणात ब्रेक लावताना मागची चाकं रस्त्याला चिकटून राहायला हवीत, आणि ती चिकटवून ठेवणं हेच शॉकअपचं काम. लग्नाला एस.टी.नेही जाता येतं. वरमाईला त्यात कमीपणा नाही.

पुढे काय झालं

अंक छापायला जाण्याआधी सातपूरहून दुसरं पत्र आलं. त्यांनी तिसरी परीक्षा केली : ब्रेकला आवाज नाही. चौथी केली. लाटणं सासूबाईंनी धरलं होतं, आणि ‘उजवीकडेच गं, अगदी स्पष्ट!’ असं त्यांनीच सांगितलं. वही आणि बिल घेऊन त्या त्याच गॅरेजमध्ये गेल्या. माउंटिंग उघडलं तेव्हा उजव्या बाजूचं रबर दोन तुकड्यांत हातात आलं. डावंही चिरलेलं. दोन्ही बदलली, मजुरीसकट काम चार आकड्यांत झालं. ॲक्सल होता तिथेच आहे. मुलीचे पैसे बँकेत आहेत. त्या लिहितात, ‘आता तो मलाच फोन करून विचारतो, ताई, आवाज आहे का?’

घाटात नेण्याआधी त्यांनी रिकाम्या गाडीने आणि मग चार माणसं बसवून, अशा दोन फेऱ्या त्र्यंबक रस्त्याने मारून पाहिल्या. हे तुम्हीही करा. काम झाल्यावर लगेच लांबच्या प्रवासाला निघायचं नाही. शेपन्नास किलोमीटर चालवून बोल्ट एकदा पुन्हा तपासून घ्यायचे.

पुढच्या वेळी : पावसाळ्याआधी वायपरचं रबर, काचेवरचं धुकं आणि दारातून आत येणारं पाणी. ज्यांच्या गाडीत पायाखालचा गालिचा ओला होतो, त्यांनी तो पुढे होतो की मागे, डावीकडे की उजवीकडे, एवढं पाहून ठेवून पत्र पाठवावं.